होडी शाकारणी

होडी ही पाण्यातलीच वस्तू, मग तिला पावसाची कसली भीती? हॉस्टेलवर हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला असेल. "मे महिन्याच्या सुट्टीत काय केलंस?" या प्रश्नाला बाकीचे 'इन-प्लांट ट्रेनिंग' असं भारदस्त उत्तर देतात. मी "मामाच्या होडीला छप्पर केलं" असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग हा प्रश्न विचारतो. मेसच्या टेबलावर प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून हा लेख.

तर उत्तर असं. लाकडाच्या होडीला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी जास्त वाईट. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात नीट वाढत नाही, गोड्या पाण्यात मात्र तिचं फावतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच राहिला की बुरशीला हवं ते मिळालं. होडी समुद्रात असते तेव्हा बाहेरून खारं पाणी असतं आणि आत आलेलं पाणी रोज उपसलं जातं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत पावसाचं पाणी साठलं, तर ते फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत, तळाच्या कोपऱ्यात महिना महिना बसून राहतं. लोखंडी खिळा गंजतो, त्याच्या भोवतीचं लाकूड काळं आणि मऊ पडतं. वरून रंग अगदी झकास दिसतो आणि आत चाकू सहज घुसतो. फायबरची होडी कुजत नाही हे खरं, पण तिच्यातही टनभर पाणी साठलं तर बुडाला तडा जाऊ शकतो. म्हणजे छप्पर तिलाही हवंच.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळीचा हा प्रजननाचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बंदी येण्याआधीसुद्धा कोळी लोक या दिवसांत होड्या वर ओढतच होते आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून पुन्हा समुद्रात जात होते. होडी वर ओढली की तिच्यावर माडाच्या झापांचं छप्पर करायचं, याला आमच्याकडे होडी शाकारणं म्हणतात. घर शाकारतात तशी होडी. आता झापांच्या जागी निळी किंवा काळी प्लास्टिकची ताडपत्री आली आहे, शब्द मात्र तोच राहिला आहे.

आमचा मामा दापोलीच्या किनाऱ्याला राहतो. त्याची होडी लाकडाची, तीस फूट लांब, आठ फूट रुंद. दोन वर्षांपूर्वी त्याने नेहमीसारखी तीन खांबांवर एक लांब बांबू टाकून ताडपत्री ओढली होती. जुलैत एका रात्री बदाबदा पाऊस झाला, ताडपत्रीत मधोमध पाणी साठलं, बांबू वाकला, मधला खांब सरकला आणि त्याचं टोक तळाच्या फळीतून आरपार गेलं. वर साठलेलं सगळं पाणी होडीत. दुरुस्तीला सुतार मिळाला तो गणपती झाल्यावर. म्हणजे ऑगस्टचा सुरुवातीचा मोसम, जेव्हा मासळीला भाव असतो, तो अख्खा हातचा गेला. इंजिनाच्या कर्जाचे हप्ते काही त्यासाठी थांबले नाहीत. "अजून एकदा असं झालं तर होडी विकून टाकतो," असं तो मामीला म्हणाला. हे मी मे महिन्यात घरी गेल्यावर ऐकलं. त्यामुळे ही सांगाडा बांधण्याची गोष्ट आमच्या घरात मजेची नव्हती.

आता मुद्द्याकडे येऊ. ताडपत्री का फाटते, सांगाडा का मोडतो? बहुतेकांना वाटतं की पावसाच्या माऱ्याने. तसं नाही. पडणाऱ्या पावसाचा जोर फारसा नसतोच. जोर असतो तो साठलेल्या पाण्याचा.

हिशोब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, म्हणजे एक किलो. मामाच्या होडीचं छप्पर वरून मोजलं तर साधारण ३० चौरस मीटर. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी होत नाही. तेव्हा एका दिवसात या छपरावर तीन हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे तीन टन! ते पडता पडता वाहून गेलं तर सांगाड्याला पत्ताही लागत नाही. त्यातलं थोडंसं जरी थांबलं तरी पंचाईत.

थोडंसं म्हणजे किती, तेही बघा. ताडपत्रीला एक मीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर खोल असा खळगा पडला तर त्यात साधारण ६० लिटर पाणी मावतं. म्हणजे छपरावर एक माणूस येऊन बसला. त्याच्या वजनाने ताडपत्री आणखी ताणते, बांबू आणखी वाकतो, खळगा मोठा होतो. व्यास दोन मीटर आणि खोली ३० सेंटिमीटर झाली की सगळी मापं दुप्पट, पण आकारमान आठपट. ६० चे ४८० लिटर. एका माणसाची आठ माणसं झाली, आणि ती सगळी एकाच जागी, मधोमध. पाण्याने खळगा वाढतो आणि खळग्याने पाणी वाढतं. कंट्रोल सिस्टिमवाल्यांनी याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणावं. सिव्हिलवाल्यांना सपाट छपरांच्या बाबतीत हे शिकवतातच. मामाकडे यासाठी वेगळा शब्द नाही, तो एवढंच म्हणाला, "पाणी एकदा बसलं की उठत नाही."

तेव्हा सगळ्या डिझाइनची अट एकच ठरली. पाण्याला बसायला जागाच द्यायची नाही. बाकी सगळं त्यातून आपोआप येतं.

होडीचं छप्पर हे घराच्या छपरासारखंच. घराला असतं तसं मधोमध लांबीने आढं, त्याला आधार द्यायला मेढी, आढ्यापासून दोन्ही काठांवर उतरणारे वासे. होडीच्या काठापासून आढं किती उंच ठेवायचं? होडीची अर्धी रुंदी चार फूट. आढंही काठापासून चार फूट वर ठेवलं की उतार बरोबर ४५ अंश. इतका लागतो का? कौलारू घराला यापेक्षा कमी उतार चालतो. पण कौल काही खाली झोळत नाही, कापड झोळतं. ३० अंशाच्या आत गेलं तर दोन वाश्यांमधला झोळ पाणी धरून ठेवायला लागतो. ४५ अंश ठेवला तर कापड थोडं सैल पडलं तरी पाणी घसरतंच. शिवाय आतमध्ये माणसाला वाकून का होईना फिरता येतं. याचा पुढे फार उपयोग झाला.

आता आढं. इथे एसओएममध्ये घोकलेलं सूत्र पहिल्यांदाच उपयोगी पडलेलं मी पाहिलं. दोन टोकांना टेकलेल्या तुळईवर सारखा पसरलेला भार असेल तर मधला वाक हा लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. पाच डब्ल्यू एल रेज्ड टू फोर अपॉन ३८४ ईआय, वायव्हात झोपेत विचारलं तरी सांगता यावं असं. जुन्या पद्धतीत होडीत तीन मेढी होत्या, साधारण चार मीटर अंतराने. मी पाच सांगितल्या, दोन मीटर अंतराने. अंतर निम्मं झालं की वाक निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. दोन जादा मेढींचा खर्च किती? दोन बांबू. सोळापट कडक आढं दुसऱ्या कुठल्याही मार्गाने एवढ्या स्वस्तात मिळणार नाही. मामाला चौथ्या घाताशी देणंघेणं नव्हतं. त्याने जाळी वाळवायच्या दांडीवर हाताने दाब देऊन बघितला, मग मध्ये एक काठी टेकवून पुन्हा दाबलं आणि म्हणाला, "पाचच लाव."

मेढीचं वरचं टोक बघण्यापेक्षा खालचं टोक कुठे टेकतंय हे बघणं महत्त्वाचं. त्या वर्षीचं नुकसान तिथूनच झालं होतं. होडीच्या तळाची फळी जाडीला इंच-दीड इंच असते. तिला आतून फासळ्यांचा आधार असतो, पण दोन फासळ्यांच्या मध्ये ती मोकळी. बांबूचं दोन इंची टोक नेमकं तिथे टेकलं आणि वरून चार-पाच माणसांचं वजन आलं, तर ती मेढ राहत नाही, पंच होतो. म्हणून मेढ फळीवर कधीच टेकवायची नाही. होडीत आडव्या जाड बैठका असतात, त्या दोन्ही काठांना पक्क्या जोडलेल्या असतात. जिथे बैठक मिळाली तिथे मेढ तिच्यावर टेकवून बांधली. जिथे नाही मिळाली तिथे खाली चार फूट लांबीचा जाड फळकूट असा टाकला की तो तीन फासळ्यांवर पडेल, आणि मेढ त्याच्यावर. फळकुटाला दोन बाजूंनी लाकडाचे ठोकळे मारून खोबण केली, म्हणजे मेढ सरकणार नाही.

गावात काही जण सांगाडा होडीवर न ठेवता जमिनीत खांब पुरून होडीभोवती स्वतंत्र मांडव घालतात. त्यात होडीवर भार येत नाही हा फायदा खरा. पण पुळणीत पुरलेल्या खांबाभोवतीची वाळू पागोळ्यांच्या पाण्याने धुपते, आणि जुलै येईपर्यंत खांब हलायला लागतो. खडकाळ किंवा मुरमाड जागा असेल तर मांडव उत्तम. आमच्याकडे पुळण, म्हणून सांगाडा होडीवरच.

वासे दोन-दोन फुटांवर लावले, दोन्ही बाजूंनी मिळून पंधरा जोड्या. वासा आढ्यावर बांधायचा, होडीच्या काठावर टेकवायचा आणि काठाच्या बाहेर फूटभर पुढे काढायचा, म्हणजे पागोळ्या होडीच्या अंगावर न पडता बाहेर पडतात. आणि आडव्या रिपा मुळीच लावायच्या नाहीत. घराच्या सवयीने हात रिपांकडे जातो. कौलांना रिपा लागतात, ताडपत्रीला नाही. उताराला आडवी कुठलीही काठी आली की तिच्या वरच्या अंगाला कापड झोळून छोटासा बांध तयार होतो. पाणी वरून खाली जातं, तेव्हा लाकूडही वरून खालीच जायला हवं.

एवढं झाल्यावर सांगाडा समोरून पाहिला तर झकास दिसतो, वाश्यांच्या जोड्या म्हणजे त्रिकोणच. पण बाजूने पाहा. मेढी उभ्या, आढं आडवं, खाली होडी आडवी. हे चौकोन आहेत आणि सांधे दोरीचे. थिअरी ऑफ मशीन्समध्ये याला फोर-बार मेकॅनिझम म्हणतात आणि त्याचा गुणच मुळी हलण्याचा आहे! समुद्राकडून वारा आला की सगळ्या मेढी एका बाजूला कलंडणार, फडताळातली पुस्तकं कलंडतात तशा. उपाय जुनाच. दोन्ही टोकांना मेढीच्या डोक्यापासून शेजारच्या मेढीच्या पायाशी एकेक तिरका बांबू. चार बांबूंनी सगळा सांगाडा ताठ झाला. कोळ्यांच्या जुन्या झापांच्या छपरांना असे तिरके बांबू असायचेच, असं आजोबांनी सांगितलं. ताडपत्री हलकी म्हणून मधल्या काळात लोकांनी ते सोडून दिले. झापं स्वतः जड, आणि वारा त्यातून थोडा झिरपून जायचा. ताडपत्री म्हणजे शीड. जिथे शीड आलं तिथे तिरका बांबू जास्त हवा, कमी नाही.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. माझ्या रूममेटने पीव्हीसी पाइपच्या कमानी करायचा सल्ला फोनवरून दिला होता. पाइप सहज वाकतो हा त्याचा गुण, आणि वाकतच राहतो हा दोष. त्याचा यंग्ज मॉड्युलस बांबूच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी असतो, आणि सतत भार राहिला तर तो हळूहळू आणखी झुकत जातो. दोन महिन्यांच्या कामाला तो नको. जीआय पाइप उत्तम, पण महाग, आणि खाऱ्या हवेत जिथे कापाल तिथून गंज. बांबू पोकळ असल्यामुळे वजनाच्या मानाने कडक असतो आणि गावात मिळतो. फक्त त्याला खिळा मारायचा नाही, उभा चिरतो. सांधे सगळे काथ्याच्या दोरीचे. दोन बांबूंभोवती वेढे झाल्यावर मधून आवळणारे दोन-तीन वेढे घ्यायचे, खरी पकड त्यांनीच येते. ताजे बांबू मामाने आधी तीन आठवडे खाडीत बुडवून ठेवले होते. बांबूतला गोड रस पाण्यात निघून जातो, मग भुंगा लागत नाही.

ताडपत्री ३६ बाय १८ फुटांची घेतली. तिची दोन दुखणी आहेत. एक, ती घासून फाटते. वाऱ्याने ती दिवसातून हजारदा बांबूवर पुढे-मागे सरकते, आणि बांबूचं पेर म्हणजे कानसच. प्रत्येक पेर आधी विळ्याने तासलं आणि आढ्यावर सबंध लांबीभर जुन्या जाळ्याची आणि गोणपाटाची गुंडाळी केली. वाश्यांच्या टोकांना सायकलची जुनी ट्यूब कापून बसवली. दुसरं दुखणं, तिच्या कडेच्या पितळी कड्या. जोराचा वारा आला की पहिल्यांदा त्याच उपटतात. कडीला दोरी बांधण्यापेक्षा ताडपत्रीत एक गुळगुळीत गोटा आतून धरायचा, त्याच्याभोवती कापडाची मान करायची आणि त्या मानेला दोरी आवळायची. भोक नाही, शिवण नाही, आणि ओढ एका बिंदूवर न येता गोट्याच्या घेरावर पसरते. हे मला मामानेच दाखवलं. कुठल्याही टेक्स्टबुकात मी वाचलेलं नाही.

आता वारा. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचं सूत्र आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. ताशी ६० किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. वर्ग करून गुणलं तर १६७ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला १७ किलो. छपराची एक बाजू २१ चौरस मीटर. आकाराचे गुणांक बाजूला ठेवले तर साडेतीनशे किलोचा धक्का. वेग दुप्पट झाला तर चौपट, चौदाशे किलो. मुंबईसाठी याच कोडमध्ये मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे. त्या वेगाला हिशोब करून पाहा आणि मग ताडपत्रीच्या पितळी कडीकडे पाहा.

म्हणून होडी ओढतानाच तिची लांबी वाऱ्याच्या दिशेने ठेवायची. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्याच्यासमोर छपराची लांब बाजू आडवी न येता टोक आलं तर काम पुष्कळ हलकं होतं. समुद्राकडचं टोक झापाने झाकलं, गावाकडचं उघडं ठेवलं.

आणि ताडपत्री बांधायची कशाला? इथे मी हात जोडून सांगतो. सांगाड्याला बांधायची नाही, कारण मग वारा ताडपत्रीसकट सांगाडा उचलतो. आणि होडीला उभं ठेवणाऱ्या बाजूच्या टेकूंना तर मुळीच बांधायची नाही. टेकू होडीच्या वजनाने जागेवर असतो, तो खाली दाबला जातो म्हणून टिकतो. त्याला ताडपत्रीची दोरी बांधली की प्रत्येक झोताबरोबर तो हिसडला जातो. दर हिसड्याला बोटभर सरकला तरी रात्रभरात निघतो, आणि होडी कलंडते. आमच्या वाडीच्या पलीकडे एक होडी अशीच आडवी झाली होती. तिच्याखाली कुणी नव्हतं हे नशीब. पावसात पोरं होड्यांच्या आडोशाला खेळत असतात.

बरोबर पद्धत ही, की एका बाजूची दोरी होडीच्या पोटाखालून घेऊन दुसऱ्या बाजूच्या दोरीला बांधायची. मग वारा वर ओढायला लागला की त्याला अख्खी होडी उचलावी लागते. अशा आठ दोऱ्या घेतल्या. आणि ताडपत्रीच्या वरून, सबंध छपरावर, एक जुनं जाळं पांघरलं. जाळं कापडाला सगळीकडून थोडं थोडं दाबून धरतं, त्यामुळे फडफड जवळजवळ थांबते. फडफड थांबली की घासणं थांबलं.

पोटाखालच्या दोऱ्या नायलॉनच्या घ्याव्यात असं मला वाटत होतं, मजबूत म्हणून. मामाने जाळ्याच्या दोऱ्या नायलॉनच्या ठेवल्या पण ताडपत्रीच्या काथ्याच्याच. कारण विचारलं तर म्हणाला, "काहीतरी तुटणारच ना? मग दोरी तुटू दे की." हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प होतो. इलेक्ट्रिकलवाले ज्याला फ्यूज म्हणतात तेच हे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. आमच्या दापोलीचीही दैना झाली. होड्या नुकत्याच शाकारून झाल्या होत्या. अशा वाऱ्यात कुठलंच छप्पर टिकत नाही, प्रश्न एवढाच असतो की जाताना ते बरोबर काय घेऊन जातं. दोरी तुटून ताडपत्री गेली तर चार-पाच हजारांचं नुकसान. दोरी टिकली तर मेढी, काठ आणि फळ्याही जातात. त्यानंतर मामाचा नियमच झाला आहे, वादळाचा इशारा आला की ताडपत्री स्वतःहून उतरवायची आणि होडी भिजू द्यायची. दोन दिवसांचं पाणी उपसता येतं.

हवेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नीट, घट्ट छप्पर करणारी माणसं नेमकी इथे अडकतात. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्के धरा आणि तापमान २८ अंश. तेव्हा दवबिंदू २६ च्या आसपास येतो. म्हणजे ताडपत्री आतल्या हवेपेक्षा फक्त दोन अंशांनी थंड झाली की तिच्या आतल्या अंगाला पाणी धरतं आणि टपटप होडीत पडतं. वरून एक थेंब न गळता होडी आतून ओली! उपाय एकच, वारा खेळता ठेवणं. गावाकडचं टोक उघडं, समुद्राकडच्या झापात वरच्या कोपऱ्यात हातभर फट, आणि ताडपत्रीची कड काठाच्या खाली आली तरी होडीच्या अंगाला चिकटणार नाही इतकी बाहेर. आतल्या तळफळ्या उचलून उभ्या करून ठेवायच्या. तळाचं बूच काढून ठेवायचं आणि होडीची नाळ किंचित उंच राहील असे टेकू लावायचे, म्हणजे जे काही आत येईल ते मागे जाऊन निघून जाईल. बूच मात्र डब्यात घालून घरात खिळ्याला टांगायचं. ते ऑगस्टमध्ये सापडलं नाही तर काय होतं यावर गावात बरेच विनोद आहेत.

हे सगळं थंड देशांत उलट्या मोसमात करतात. कॅनडात, स्वीडन-फिनलंडकडे पाणी गोठण्याआधी होड्या बाहेर काढतात आणि हिवाळाभर त्यांच्यावर लाकडी सांगाडा आणि ताडपत्री असते. आढं, वासे, मधल्या मेढी, सगळं तेच. त्यांचा शत्रू बर्फ. ताजा भुसभुशीत बर्फ पाण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका जड, म्हणजे फूटभर थर पडला तर चौरस मीटरला तीस किलो. ऐकायला कमी वाटतं, पण तो घसरून न जाता बसून राहतो आणि वरून पाऊस पडला तर तो शोषून जड होतो. शिवाय होडीत राहिलेलं पाणी गोठून नऊ टक्के फुगतं आणि फटी रुंद करतं. टेकूंना ताडपत्री बांधू नका, हा नियम मात्र तिकडेही तोच आहे.

आमचा खर्च बांबू, काथ्या आणि ताडपत्री मिळून साडेसात हजार झाला. त्यातली ताडपत्रीच निम्म्याच्या वर. उन्हात न ठेवता घडी करून माळ्यावर ठेवली तर ती दोन-तीन पावसाळे जाते, प्लास्टिकला पावसापेक्षा ऊन जास्त खातं. मजुरी म्हणजे मामा, त्याचे दोन खलाशी, मी आणि अधूनमधून आजोबा, तीन दिवस.

जुलैच्या मध्यावर शनिवार-रविवार जोडून मी गावी गेलो होतो. आधीच्या चार दिवसांत गावात धुवाधार झाला होता. वाकून आत शिरलो, बॅटरी मारून सगळीकडे बघितलं. तळाला हात लावला तर धूळ लागली. चौथ्या मेढीजवळ आढ्यावरची गोणपाटाची गुंडाळी सरकली होती, ती पुन्हा आवळली. पोटाखालच्या दोन दोऱ्या सैल झाल्या होत्या, त्या ओढून घेतल्या. दर आठ दिवसांनी एवढंच करायचं असतं, पण ते केलंच पाहिजे. मामी होडीत बसून जाळी दुरुस्त करत होती. घरापेक्षा इथे उजेड आणि वारा जास्त, म्हणाली.

ऑगस्टमध्ये छप्पर उतरवताना प्रत्येक बांबूवर ऑइलपेंटने नंबर घातले. आढ्याला अ, मेढींना १ ते ५, वाशांना डावे-उजवे. पुढच्या वर्षी मोजमाप न करता एका दिवसात उभं राहील. मामाने नंबर घातलेले बांबू पडवीच्या आढ्याला टांगले आणि त्याच आठवड्यात होडी पाण्यात लोटली.